ओपनॲलेक्स: फुकट, खुलं आणि तपासता येणारं, पण निवड समितीच्या फायलीत लावण्याआधी हे पाहा

अर्जात ‘एच-इंडेक्स 17’ (म्हणजे किमान 17 उद्धरणं मिळालेले 17 लेख) असं लिहिलेलं असतं आणि समितीतलं कुणी विचारत नाही की हा 17 कुठला. गूगल स्कॉलरचा, स्कोपसचा की वेब ऑफ सायन्सचा? एकाच संशोधकाचा आकडा या तीन ठिकाणी सहसा वेगवेगळा निघतो. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, कुठल्याही विद्यापीठाच्या साइटवर पडलेली पीडीएफ असं सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा. बाकीचे दोघे निवडलेल्या स्रोतांपुरतंच, मुख्यतः जर्नलांपुरतं, मोजतात, म्हणून तिथला लहान. लेख आणि त्यांची उद्धरणं नोंदवणाऱ्या या निर्देशिकांच्या रांगेत आता ओपनॲलेक्स आलं आहे. ते या तिघांपेक्षा अचूक आहे का, एवढंच विचारून त्याची परीक्षा केली तर ती अर्धवट होईल. संशोधनाच्या मूल्यमापनासाठी ते कितपत वापरण्याजोगं आहे, हे इथे पाहायचं आहे.

आधी थोडी ओळख. मायक्रोसॉफ्टने मायक्रोसॉफ्ट ॲकॅडेमिक ग्राफ हा आपला संशोधन-लेखांचा डेटासंच 2021 च्या अखेरीस बंद केला. ती पोकळी भरायला ‘अवररिसर्च’ या ना-नफा संस्थेने जानेवारी 2022 मध्ये ओपनॲलेक्स सुरू केलं. अनपेवॉल हे लेखाची मोफत प्रत शोधून देणारं साधनही यांचंच. नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून घेतलं आहे. क्रॉसरेफ (प्रकाशकांनी दिलेल्या लेखनोंदी), पबमेड (वैद्यकीय लेख), ऑर्किड (संशोधकांचे ओळख-क्रमांक), आरओआर (संस्थांचे ओळख-क्रमांक) आणि अनेक संस्थांची भांडारं यांतून नोंदी गोळा करून त्या एकमेकींना जोडायच्या, असं काम चालतं. नोंदी 25 कोटींच्या पुढे आहेत. सगळा डेटा सीसी-झिरो परवान्याखाली मिळतो, म्हणजे उतरवा, बदला, विका, परवानगी मागायची गरज नाही. संपूर्ण संचही उतरवता येतो, मात्र तो शेकडो गिगाबाइटचा आहे; एका विभागाच्या कामासाठी त्या भानगडीत पडू नका.

यातला सीसी-झिरो हा शब्द मूल्यमापनासाठी सर्वांत महत्त्वाचा. 2015 च्या लायडन जाहीरनाम्यात आकड्यांच्या वापराबद्दल 10 तत्त्वं आहेत. त्यातली दोन इथे कसोटी म्हणून पुरतात. माहिती गोळा करण्याची आणि विश्लेषणाची रीत उघडी असावी, हे एक. ज्याचं मूल्यमापन होतं आहे त्याला आपल्याबद्दलचा डेटा तपासता यावा, हे दुसरं. स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारख्या सशुल्क निर्देशिका इथे अडतात. वर्गणी नसलेल्या संस्थेतल्या माणसाला आपल्या नावासमोरच्या आकड्यामागची पूर्ण यादी नीट पडताळता येत नाही. गूगल स्कॉलर फुकट आहे, पण ते नेमकं काय मोजतं याची यादी देत नाही आणि डेटा घाऊक उतरवू देत नाही. ओपनॲलेक्समध्ये आकड्यावर टिचकी मारली की त्यामागचे लेख दिसतात, लेखावर टिचकी मारली की त्याला उद्धृत करणारे लेख दिसतात. चूक असेल तर तीही दिसते. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाने 2024 पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी थांबवून ओपनॲलेक्सकडे वळण्याचं ठरवलं आणि लायडन रँकिंग या विद्यापीठांच्या क्रमवारीची खुली आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये याच डेटावर निघाली, ती या उघडेपणामुळे. त्यांना इथल्या चुका माहीत नव्हत्या असं नाही.

चुका मात्र आहेत, आणि बऱ्याच आहेत.

लेखकाचं प्रोफाइल

इथे प्रोफाइल यंत्र बनवतं. नाव, सहलेखक, संस्था, विषय, उद्धरणं आणि ऑर्किड यांवरून कोणता लेख कुणाचा हे ठरतं. त्यामुळे दोन उलट्या चुका होतात. एक, दोन माणसं एका प्रोफाइलमध्ये मिसळतात. आडनाव प्रचलित आणि पहिलं नाव फक्त आद्याक्षरात असलं की ही शक्यता वाढते. दोन, एकाच माणसाचे दोन-तीन तुकडे होतात. आडनाव बदललं, रोमन लिपीतलं स्पेलिंग एकेका जर्नलात वेगळं छापलं गेलं, संस्था आणि विषय दोन्ही एकदम बदलले, ही त्याची नेहमीची कारणं. पहिल्या चुकीत आकडा फुगतो आणि तक्रार कुणी करत नाही. दुसऱ्या चुकीत आकडा घटतो आणि अर्जदाराला ते कळलं तर कळतं.

तपासायची रीत अशी. शोध नावाने न करता ऑर्किडच्या 16 अंकी क्रमांकाने करा. प्रोफाइल उघडलं की लेख वर्षानुसार लावा आणि सर्वांत जुने आधी पाहा. संशोधन सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा किंवा भलत्याच विषयातला लेख दिसला तर प्रोफाइलमध्ये दुसरं कुणी मिसळलं आहे. मग संस्थांची यादी पाहा. कधीही पाय न ठेवलेली संस्था हीदेखील तीच खूण. त्यानंतर आपल्याकडची प्रकाशनयादी डीओआयने, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने, ताडून पाहा. जे लेख सापडत नाहीत ते डीओआय टाकून सुटे शोधा. सापडले, तर ते तुमच्याच नावाच्या दुसऱ्या तुकड्यात पडले आहेत. नाहीच सापडले, तर नोंदच आलेली नाही.

दुरुस्तीत क्रम पाळा. आधी मूळ स्रोत, मग ओपनॲलेक्स. ऑर्किडवर लेख जोडलेले आहेत का आणि ते ‘सर्वांना दिसेल’ अशा स्थितीत आहेत का, ते पाहा. खासगी ठेवलेली नोंद यंत्रापर्यंत पोहोचत नाही. क्रॉसरेफमधल्या नोंदीत लेखकाचं नाव अर्धवट असेल किंवा संस्था गायब असेल, तर ती फक्त प्रकाशक सुधारू शकतो, म्हणून जर्नलच्या संपादकीय कार्यालयाला लिहा. शेवटी ओपनॲलेक्सच्या दुरुस्ती फॉर्मवर प्रोफाइलचा क्रमांक आणि चुकीच्या लेखांचे क्रमांक द्या. ‘माझं प्रोफाइल चुकीचं आहे’ एवढंच लिहिलेल्या विनंतीचं काही होत नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

संस्थेचा आकडा

लेखावर छापलेला पत्ता यंत्र वाचतं आणि आरओआर क्रमांकाशी जुळवतं. घोळ दोन जागी होतो. पहिला, प्रकाशकाने क्रॉसरेफला पत्ताच पाठवलेला नसतो, मग लेख आहे पण तो कुठल्याच संस्थेच्या खात्यात नाही. दुसरा, विद्यापीठ, त्याचं रुग्णालय आणि त्याच्या आवारातली स्वतंत्र संस्था यांची नावं सारखी असली की लेख भलतीकडे जातो. आरओआरमध्ये मातृसंस्था आणि उपसंस्था यांचं नातं नोंदलेलं असतं, आणि ओपनॲलेक्स ते वापरतं. म्हणून मोजताना एकट्या विद्यापीठाचं मोजलं की उपसंस्थांसह, हे आधी ठरवून लिहून ठेवा. दोन विभागांनी दोन पर्याय निवडले की पुढची बैठक आकड्यांच्या भांडणातच जाते. आरओआरची स्वतःची नोंद जुनी असेल तर तीही दुरुस्त करून घेता येते, आणि ते मोफत आहे. संस्थेच्या ग्रंथपालाने वर्षातून एकदा पत्ता नसलेले लेख शोधून काढले तर हा प्रश्न बराचसा सुटतो. फ्रान्समध्ये उच्चशिक्षण मंत्रालयाने चुकीचे पत्ते शोधून सामूहिक दुरुस्ती पाठवण्यासाठी ‘वर्क्स-मॅग्नेट’ नावाचं वेगळं साधनच केलं आहे.

एफडब्ल्यूसीआय: इथे सर्वांत जास्त पाय घसरतात

वेगवेगळ्या विषयांत उद्धरणांची सवय वेगळी असते, म्हणून कच्ची उद्धरणं शेजारी ठेवता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक लेखासमोर एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) दिलेला असतो. लेखाला प्रकाशनाच्या वर्षात आणि पुढच्या तीन वर्षांत मिळालेली उद्धरणं घ्यायची आणि त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या, त्याच उपविषयातल्या लेखांच्या सरासरीने भागायचं. उत्तर 1 आलं तर लेख जागतिक सरासरीइतका. कल्पना चांगली आहे. अडचण भाजकात आहे.

उपविषय कोण ठरवतं? पुन्हा यंत्रच. शीर्षक, गोषवारा, जर्नलचं नाव आणि उद्धरणं यांवरून लेखाला सुमारे 4,500 विषयांपैकी एक मुख्य विषय चिकटवला जातो, आणि हे विषय 252 उपविषयांत बसवलेले आहेत. काही मोठे प्रकाशक गोषवारे खुले करत नाहीत. अशा वेळी यंत्राच्या हातात एक साधन कमी, आणि दोन विषयांच्या सीमेवरचा लेख चुकीच्या कप्प्यात जाण्याची शक्यता जास्त. परिणाम किती मोठा असतो ते पाहा. समजा लेखाला 6 उद्धरणं आहेत. ज्या उपविषयाची सरासरी 2 आहे तिथे तो बसला तर एफडब्ल्यूसीआय 3. सरासरी 8 असलेल्या उपविषयात बसला तर तोच लेख 0.75. लेखातला एक शब्दही न बदलता तो उत्कृष्टाचा सुमार झाला.

ताज्या लेखांत तर ही गंमत आणखी वाढते. या वर्षीच्या लेखांची सरासरी समजा 0.3 आहे. एक उद्धरण मिळालं, कदाचित स्वतःच्याच पुढच्या लेखातून, की एफडब्ल्यूसीआय 3.3. म्हणून उद्धरणांची चार वर्षं पूर्ण न झालेले लेख या मोजणीतून सरळ वगळा. नव्या संशोधकाकडे त्यामुळे मोजण्यासारखं फारसं उरत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याचं काम वाचायला हवं.

तिसरा सापळा सरासरीचा. 12 लेख आहेत, एकाचा एफडब्ल्यूसीआय 20, उरलेल्या अकरांचा प्रत्येकी 0.4. सरासरी 2.03 येते, आणि अर्जात लिहिलं जातं की ‘जागतिक सरासरीच्या दुप्पट’. खरं तर 12 पैकी 11 लेख सरासरीच्या निम्म्याखाली आहेत. उद्धरणांचं वाटप नेहमीच असं एकांगी असतं. त्यामुळे सरासरीऐवजी ‘आपल्या विषयातल्या वरच्या 10 टक्क्यांत किती लेख’ हे मोजा. ओपनॲलेक्समध्ये प्रत्येक लेखाचा शतमानही, म्हणजे तशा किती टक्के लेखांपेक्षा तो वर आहे हा आकडाही, दिलेला असतो. आणि एक, स्कोपसवर आधारलेल्या सायव्हल या विश्लेषण-साधनातही एफडब्ल्यूसीआय याच नावाचा आकडा मिळतो, पण त्याचा आधार स्कोपसच्या नोंदी आहेत आणि विषयांची विभागणी वेगळी. दोन्हींचा भाजक वेगळा, म्हणून ते आकडे एका तक्त्यात मांडू नका.

नोंदींचा कचरा

व्याप्ती मोठी ठेवली की गाळही येणार. क्रॉसरेफमध्ये जर्नलात छापलेलं जवळपास सगळं ‘जर्नल लेख’ याच प्रकारात मोडतं: संपादकीय, वाचकांची पत्रं, मृत्युलेख, कधी अंकाची अनुक्रमणिकासुद्धा. ओपनॲलेक्स शीर्षकावरून त्यातलं बरंच वेगळं काढतं, सगळं नाही. याचा फटका एफडब्ल्यूसीआयलाही बसतो, कारण उद्धरण न मिळणाऱ्या अशा नोंदी सरासरी खाली ओढतात आणि खऱ्या लेखांचा आकडा वर जातो. लायडन रँकिंगच्या खुल्या आवृत्तीनेही इथलं सगळं सरसकट मोजलेलं नाही. गाभ्याची प्रकाशनं वेगळी काढून तेवढीच घेतली. तुम्हीही गाळणी लावल्याशिवाय मोजू नका.

प्रीप्रिंट (छपाईआधी खुला केलेला मसुदा) आणि छापील लेख एकाच नोंदीखाली आणण्याचा प्रयत्न असतो, पण पीअर रिव्ह्यूनंतर, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, शीर्षक बदललं की दोन नोंदी राहतात आणि उद्धरणं वाटली जातात. मागे घेतलेल्या लेखावर तशी खूण असते; तिच्यावर एकट्या विसंबू नका, रिट्रॅक्शन वॉचची यादी पाहा. ती 2023 मध्ये क्रॉसरेफने घेऊन सर्वांना खुली केली आहे, त्यामुळे ताडून पाहायला खर्च नाही.

मानव्यविद्या, कायदा आणि ग्रंथरूपाने होणारं संशोधन इथेही दुबळंच दिसतं. बऱ्याच ग्रंथांना डीओआय नसतो, त्यांच्या संदर्भसूच्या यंत्राला वाचता येतील अशा रूपात सहसा कुणी देत नाही, म्हणून त्यातली उद्धरणं जुळत नाहीत. इंग्रजीबाहेरच्या जर्नलांच्या नोंदी सशुल्क निर्देशिकांपेक्षा इथे कितीतरी जास्त आहेत, हे मान्य. पण नोंद असणं आणि उद्धरणं मोजली जाणं या दोन गोष्टी आहेत. ‘उद्धरणं 0’ याचा अर्थ तिथे बहुधा ‘मोजता आली नाहीत’ एवढाच असतो.

सुधारणेच्या नावाने जुनंच

आता जी गोष्ट सर्वांत खटकते ती. 2012 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ठरलेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला डोरा जाहीरनामा सांगतो की जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या अलीकडच्या लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळाली हा आकडा) हा एखाद्या लेखाच्या किंवा व्यक्तीच्या दर्जाचा पर्याय म्हणून वापरू नका; नेमणूक, पदोन्नती, निधी यांत तर नकोच. ओपनॲलेक्समध्ये प्रत्येक जर्नलच्या पानामागे ‘दोन वर्षांची सरासरी उद्धरणं’ नावाचा आकडा आहे. तो इम्पॅक्ट फॅक्टरचाच मोफत जुळा भाऊ. लेखकांसाठी एच-इंडेक्स आणि आय-10 (किमान 10 उद्धरणं मिळालेल्या लेखांची संख्या) हेही तयार. इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला पैसे न देता तीच चूक करण्याची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ. बनवणाऱ्यांनी हे का दिलं ते समजतं, लोक मागतात. पण मूल्यमापनासाठी हे तिन्ही आकडे तक्त्यातून काढून टाका. एच-इंडेक्स कधीच खाली येत नाही आणि वयाबरोबर वाढतो, त्यामुळे तो नोकरीची वर्षंच दुसऱ्या नावाने मोजतो.

जे मोजलं जात नाही तेही लक्षात ठेवा. पीअर रिव्ह्यू, विद्यार्थी घडवणं, प्रयोगशाळेची व्यवस्था, अध्यापन यांची इथे जागा नाही. आठ लेखकांच्या लेखात कुणी काय केलं हे पाहायचं तर लेखाच्या तळाशी क्रेडिट पद्धतीने दिलेल्या भूमिका वाचा. त्या 14 आहेत आणि ‘निधी मिळवला’ आणि ‘प्रयोग केले’ यात त्या फरक करतात. जुलै 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोआराच्या (संशोधन-मूल्यमापन सुधारू पाहणाऱ्या संस्थांच्या आघाडीच्या) करारातही मूल्यमापन मुख्यतः गुणात्मक असावं आणि पीअर रिव्ह्यू त्याच्या केंद्रस्थानी असावा, अशीच बांधिलकी आहे. आकड्यांनी त्याला जबाबदारीने आधार द्यायचा.

कुणी घ्यावं, कसं वापरावं

ग्रंथालयाला, संशोधन कार्यालयाला आणि मूल्यमापनावर अभ्यास करणाऱ्यांना: डोळे झाकून घ्या, याला पर्याय नाही. वेबसाइटवर फिल्टर लावून गट पाडता येतात, यादी उतरवता येते. एपीआय (प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवण्याची सोय) वापरत असाल तर पहिल्या 10,000 नोंदींपुढे साध्या पानक्रमाने जाता येत नाही, कर्सर (पुढचा गट कुठून सुरू करायचा ते सांगणारी खूण) लागतो. हे न कळल्यामुळे अर्धवट यादीवर काढलेले निष्कर्ष अधूनमधून दिसतात. मोफत वापराची मर्यादा आणि किल्लीचे नियम बदलतात, म्हणून जुन्या प्रशिक्षणातला कोड चालवण्याआधी सध्याचं दस्तऐवजीकरण वाचा.

वैद्यकशास्त्र आणि पदार्थविज्ञानातल्या मोठ्या विभागांच्या आढाव्याला: चालेल. शेकडो लेखांत एकेका नोंदीची चूक फारशी जाणवत नाही. सशुल्क निर्देशिकेची वर्गणी अजून चालू असेल तर पहिलं वर्ष दोन्हींवर मोजा आणि जिथे तफावत मोठी आहे तेवढेच लेख हाताने तपासा. चुका कुठल्या प्रकारच्या आहेत हे लगेच कळतं.

एका व्यक्तीच्या पदोन्नतीला: आकड्यासाठी नाही, यादीसाठी वापरा. समितीच्या कार्यालयाने ओपनॲलेक्समधून प्रकाशनयादी काढावी, कुठल्या तारखेला आणि कोणते फिल्टर लावून काढली ते वर लिहावं, आणि ती आधी अर्जदाराला पाठवून दुरुस्तीसाठी किमान तीन आठवडे द्यावेत. त्या यादीतून अर्जदाराने आपली पाच कामं निवडावीत, प्रत्येकाखाली आपला वाटा आणि त्या कामाने काय बदललं हे शंभर-दीडशे शब्दांत लिहावं. डेटासेट आणि सॉफ्टवेअर यांनाही त्या पाचांत जागा असावी. समितीतल्या किमान दोघांनी ती पाचही कामं वाचून लेखी मत द्यावं. उद्धरणं दाखवायचीच असतील तर त्या पाच कामांपुरती, शतमानासह, आणि लिहिलेल्या निवेदनाच्या खाली.

दुरुस्तीचे तीन आठवडे कापू नका. जाहिरातीच्या तारखा ठरवतानाच ते वेळापत्रकात घाला. नंतर घालायला गेलात तर कुलसचिवांच्या कार्यालयातून पहिला फोन त्यासाठीच येईल.